कानात कापूस घातलेले दिवस

आमची मुलगी जन्मली तेव्हा तिच्या डोक्यावर माझ्यापेक्षा जास्त केस होते. दवाखान्यातल्या नर्सबाई मला म्हणाल्या, "आजोबा, जरा बाजूला व्हा." मी झालो बाजूला. खुलासा करायला हवा होता, हे कळत होतं. पण त्या क्षणी मला स्वतःलाच त्या दुपट्यातल्या गाठोड्याशी माझं नेमकं नातं काय, ते पटलेलं नव्हतं.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती की नातेवाइकांनी विचारायचंही सोडून दिलं होतं. आम्ही दोघं दोघांच्या संसाराला रुळलो होतो. रविवारी उशिरा उठायचं, भाजीवरून थोडं भांडायचं, दुपारी झोपायचं. आणि चाळिशी उलटल्यावर हे. आनंद झाला का, असं कुणी विचारलं तर झाला असावा. मी पेढे वाटत होतो एवढं आठवतं, आणि कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनला चुकून दोनदा दिले.

पहिला गोंधळ बाळंतिणीनं राहायचं कुठं याचा. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. बायकोचं माहेर वैजापूर. पण सासूबाई काही वर्षांपूर्वी गेल्या, आणि त्या घरात सासरे एकटेच. कापसाच्या व्यापारात आयुष्य गेलेला माणूस. त्यांचा फोन आला.

"जावईबापू, पद्धतीनं बघितलं तर पोरगी माझ्याकडं यायला पायजे. पण मला चहा येतो अन् खिचडी येते. खिचडीवर बाळंतीण कशी निघायची, तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? मला तर खिचडीही येत नव्हती.

मग आमच्या गावाहून, लासूर स्टेशनहून, माझी आई आली. शेगडी, डिंक, खारीक, बाळंतशेपा, ओवा असं सगळं घेऊन ती गारखेड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अशी शिरली की घर तिचं आणि आम्ही भाडेकरू. त्याच दिवशी दुपारी सासरेही आले. खांद्यावर पोतं. पोत्यात कापूस. सरकी काढून, पिंजून आणलेला, पांढराशुभ्र.

"एवढा कापूस?" मी विचारलं.

"लागतो म्हणं," सासरे म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

ते जरा घुटमळले. "हिच्या आईच्या वेळंला आणला होता. बाकी काय काय आणलं होतं ते आठवंना. कापूस तेवढा आठवतोय."

आईनं पोत्यात हात घालून कापूस बोटांवर ओढून बघितला आणि मान हलवली. "लई बरं केलं पाहुणे. कानात घालायला व्हतोय."

बाळंतिणीच्या कानात वारं शिरलं की जन्मभर डोकं धरतं, ही आईची पक्की समजूत. म्हणून दोन्ही कानांत कापसाचे बोळे, त्यावर घट्ट बांधलेला स्कार्फ, खिडक्या बंद, कूलर बंद, आणि बाजेखाली शेगडी. हे सगळं मे महिन्यात. आमच्या शहरातला मे महिना ज्यानं काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. उरलेल्या कापसाची बाळाला गादी झाली, उशी झाली, आणि तरीही पोतं काही रिकामं होईना. ते दाराशी तसंच बसून राहिलं, एखाद्या न बोलणाऱ्या पाहुण्यासारखं.

न बोलण्याचं म्हणाल तर माझी बायकोही बोलेनाशी झाली होती.

एरवी ती बोलकी बाई. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचतानासुद्धा त्यावर मत देणारी. आता काही विचारलं की नुसती बघायची, नाहीतर तेही नाही. "चहा देऊ का?" काही नाही. "बाळाला घेऊ का?" काही नाही. मी कोड्यात पडलो. आई पडली नाही.

"कानात कापूस हाय ना रे. आयकू कसं यील तिला? जरा मोठ्यानं बोल की."

मला हे फारच पटलं. इतकं सरळ कारण समोर असताना आपण उगाच काळजी करत होतो, याचं हसू आलं. मी मोठ्यानं बोलायला लागलो. आई मोठ्यानं बोलायला लागली. "शिरा गरम हाय!" "ओवा चावून खा!" आमच्या घरातून दिवसभर असे आवाज जायचे की खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा विचारायला आल्या, भांडण-बिंडण आहे का. काकूंना कारण सांगितलं, तेव्हा त्याही खोलीत जाऊन ओरडल्या, "कशी आहेस गं?"

तिनं मान हलवली. कशी आहे ते त्यातून कुणालाच कळलं नाही.

आणि एकदा का एखाद्या माणसाला ऐकू येत नाही असं घरानं ठरवलं, की त्याच्यासमोर काय बोलावं याचं भान राहत नाही. बाळ बघायला येणारे बाजेशेजारच्या खुर्च्यांवर बसायचे, बाळाच्या हातात काहीबाही ठेवायचे, आणि मग आईशी साध्या आवाजात सुरू व्हायचे. दूध कमी दिसतंय. वय झालं ना, त्याचा परिणाम होणारच. इतक्या वर्षांनी झालं, मुलगा झाला असता तर एकात काम झालं असतं. चेहरा बघा कसा उतरलाय, बाळाकडं बघत पण नाही. तिची आई असती तर. हे शेवटचं वाक्य प्रत्येक जण म्हणायचा आणि म्हणून झालं की चहाचा घोट घ्यायचा.

मी चहा आणून द्यायचो. तेवढंच काम मला जमत होतं. लंगोट बदलायला गेलो की बाळ पाय असे झाडायचं की माझा स्वतःवरचा विश्वास उडायचा. कंपनीत दिवसभर मी सुटे भाग तपासतो, केसाएवढी चीर असली तरी माल परत पाठवतो. घरी बाळ रडलं की भूक, पोट, गरमी की झोप, यांतलं एकही कारण मला ओळखू यायचं नाही. मी आईकडं बघायचो, आई शेगडीकडं बघायची, आणि बायको भिंतीकडं.

मग पाणी यायचा दिवस उजाडला. आमच्याकडं नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे सणच. बाकी सगळं बाजूला. मी सुट्टी टाकली होती. आई गच्चीवर टाकी भरली का ते बघायला गेली आणि मी बाळाला मांडीवर घेऊन बाजेशेजारी बसलो. बायको पाठ करून झोपलेली. भरदुपार होती, बाहेर कुणाच्या तरी मोटारीची घरघर चालू होती, आणि बाळ डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघत होतं. त्या बघण्यात काहीच अपेक्षा नव्हती, म्हणून असेल, मला बोलावंसं वाटलं.

"मला तुझी भीती वाटते बघ," मी तिला म्हणालो. साध्या आवाजात, ऐकायला कोण होतं? "लोक म्हणतात, लेकरू बघितलं की छाती भरून येते. माझी छाती तू खोकलीस की नुसती धडधडते. तू माझी आहेस हे मला माहीत आहे, पण आतून काही होत नाही गं. तुझ्या आईला विचारावं तर तिला ऐकू येत नाही. मला वाटतं, मी या कामाचा माणूसच नाही."

"मला पण नाही होत काही," भिंतीकडून आवाज आला.

मी इतका दचकलो की बाळही दचकलं.

"तुला ऐकू येतं?" मी विचारलं. आणि सवयीनं ओरडूनच विचारलं.

"ओरडू नका हो. किती दिवस ओरडताय सगळे."

"पण कापूस..."

"कापसानं काय होतंय?" ती वळली नव्हती. "पहिल्या दिवसापासून सगळं ऐकू येतंय. वयाचं, दुधाचं, आईचं. सगळं."

"मग बोलत का नव्हतीस?"

मोटार बंद पडली, पुन्हा सुरू झाली.

"तुम्हीच ठरवलं मला ऐकू येत नाही म्हणून. मला बरं वाटलं. उत्तर द्यावं लागत नाही. कशी आहेस म्हणून विचारलं की काय सांगू? ही रडायला लागली की मला वाटतं, कुणीतरी हिला उचलावं आणि मला दिसणार नाही अशा जागी न्यावं. कधी वाटतं, आपणच उठावं, बस स्टँडवर जावं आणि उभी असेल त्या गाडीत बसावं. तुम्ही अन् आत्या सांभाळाल हिला. चांगली सांभाळाल."

माझ्या आईला ती आत्या म्हणते.

यावर नवऱ्यानं काय बोलायचं असतं ते मला आजही माहीत नाही. मी म्हणालो, "कुठली गाडी?" खरंच असं म्हणालो. ती पहिल्यांदा वळली आणि माझ्याकडं असं बघितलं की वाटलं, आता रडेल किंवा हसेल. दोन्ही झालं नाही. आई गच्चीच्या पायऱ्यांवरून खाली येत होती, बायकोनं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं आणि आई दारातूनच ओरडली, "टाकी भरली गं!"

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. दार उघडून ती निघून जाते आहे, हे चित्र डोळ्यांसमोरून जाईना. शेजारी रोज बसणारा मित्र वेल्डिंग शॉपमधला, चार पोरांचा बाप. आम्ही एरवी फक्त क्रिकेट आणि कँटीनच्या भाजीबद्दल बोलतो. त्यानं विचारलं, "क्या मियाँ, बच्ची सोने नहीं देती क्या?" आणि का कोण जाणे, मी त्याला सगळं सांगून टाकलं. बस स्टँडसकट.

तो हसला नाही. "हौ, मेरे घर में भी ऐसाइच हुआ था. तिसऱ्याच्या वेळी. अम्मी बोली, कुछ असर हुआ है, झाड-फूँक करो. मैं भी दौड्या इधर-उधर. सब करके फिर डॉक्टर के पास गया. डॉक्टर बोली, बीमारी है, बुखार जैसी, इलाज है. तू पहले डॉक्टर के पास जा. बाकी नक्को कर कुछ."

"आणि बरी झाली?"

"आहिस्ता आहिस्ता. अब तो मुझेच डांटती."

मला इतकं हायसं वाटलं की वाळूजला कंपनीच्या गेटवर उतरताना मी डबा बसमध्येच विसरलो.

बाळाच्या लसीच्या दिवशी आम्ही तिघं, म्हणजे आईसकट चौघं, बायकोच्या डॉक्टरीणबाईंकडंही गेलो. बाईंनी विचारलं, "झोप लागते का?"

"लागते की," मी म्हणालो.

"जेवण?"

"जेवते. म्हणजे आई देते."

"बाळाजवळ असताना कसं वाटतं?"

"तसं ठीकच..."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी त्यांना विचारतेय. तुम्ही दोघं जरा बाहेर बसता का?"

मी आणि आई बाहेर बाकावर. बाळ माझ्याकडं. आई दाराकडं टक लावून बसली होती. "एवढं काय बोलायल्यात आत? तिला आयकू तरी येतंय का?"

"येतं गं आई. पहिल्यापासून सगळं येतं."

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपण काय काय बोललो, कुणाकुणाला बोलू दिलं, याचा हिशोब ती तिथं बसून मनातल्या मनात करत असावी. तिनं पदर तोंडाला लावला.

आत मला बोलावलं तेव्हा बायकोचे डोळे लाल होते आणि स्कार्फ मांडीवर होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना हे होतं. लाजायचं नाही आणि दवाखान्याबाहेर उपाय शोधत बसायचं नाही. त्यांनी मानसोपचाराच्या एका बाईंचं नाव दिलं, झोप मिळालीच पाहिजे असं बजावलं, आणि पुन्हा निघून जावंसं वाटलं तर त्याच दिवशी फोन करा, म्हणाल्या. "आणि यांना एकटं सोडू नका," त्या मला म्हणाल्या, "पण गर्दीही करू नका." एकटं नाही आणि गर्दीही नाही. दोन खोल्यांच्या घरात हे कसं बसवायचं, याचा मी रिक्षात बसून विचार करत होतो.

घरी आल्यावर आई स्वयंपाकघरात गेली आणि मला आत बोलावलं. मला वाटलं, आता म्हणेल, मानसोपचार कशाला, ती काय येडी हाय का. मी उत्तरं तयार केली होती. ती परातीत पीठ घेऊन उभी होती, पण मळत नव्हती.

"तुझ्या येळंला मला बी असंच झालं होतं," ती म्हणाली.

"काय झालं होतं?"

"तू मला आवडायचा नायस."

"मी?"

"मग दुसरं कोण? लई दिवस नाय आवडलास. तू रडलास की मी गोठ्यात जाऊन बसायची. म्हशीजवळ बरं वाटायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर माझ्या सासूनं अंगात आलेलं उतरवायला माणूस आणला असता."

मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. आपल्या आईला आपण सुरुवातीला आवडलो नव्हतो आणि आपल्यापेक्षा म्हैस बरी वाटली होती, ही बातमी पचवायला या वयातही वेळ लागतो.

"मग कधी आवडलो?" मी विचारलं.

"काय की. एक दिवस बघितलं तर आवडायला लागला होतास." तिनं पिठात पाणी ओतलं. "हे मी तिला सांगू का नको, तेच कळंना झालंय."

"सांग," मी म्हणालो.

तिनं सांगितलं. मी बाहेर होतो, शब्द ऐकले नाहीत. पण आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला आणि लगेच रडण्याचा. नंतर आई बाहेर आली, शेगडी उचलून गॅलरीत ठेवली आणि कूलर लावला. त्या संध्याकाळी बाळ बघायला दोन बायका आल्या, तर दारातच त्यांना म्हणाली, "बाळ झोपलंय, आई बी झोपलीय. पुढच्या महिन्यात या." दोघी मागं वळल्या. इतकं सोपं होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

कापूस देऊन वैजापूरला परत गेलेल्या माझ्या सासऱ्यांना काय सांगायचं, हा त्यापुढचा गोंधळ. मी फोनवर गोलगोल बोलत राहिलो: थकवा आहे, डॉक्टर म्हणतात, तसं काही नाही. ते मधेच म्हणाले, "जावईबापू, मी येऊ का?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आले. या वेळी रिकाम्या हातांनी. एवढा संकोचलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही, ही त्यांची आयुष्यभराची सवय, म्हणून ते उंबऱ्यावरच उभे राहिले.

"बसा की आत, बाबा," ती म्हणाली.

"मला यातलं काही येत नाही गं."

"नाही आलं तर नाही आलं. नुसतं बसा."

ते बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. मग हॉलमधल्या दिवाणावर त्यांचं अंथरूण पडलं ते पडलंच. सकाळी ती झोपलेली असताना ते बाळाला घेऊन फेऱ्या घालायचे आणि मार्केट यार्डात कुणाची गाडी आली, कुणाचा कांदा भिजला, हे नातीला सविस्तर सांगायचे. बाळ गंभीरपणे ऐकायचं. मी आडून ऐकलंय, एकदा ते तिला म्हणाले, "तुझी आजी असती तर तिनं बरोबर केलं असतं. माझ्याच्यानं असंच होणार बघ."

बायको औषधं घेत होती, त्या मानसोपचारवाल्या बाईंकडं जात होती. फरक पडत होता का? एका दिवशी वाटायचं हो, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भिंतीकडं. मी तिच्या चेहऱ्याकडं पहारेकऱ्यासारखा बघत असे. तिनं चप्पल सरकवली तरी माझं लक्ष दाराकडं.

आणि एका संध्याकाळी तिनं खरंच चप्पल घातली.

"मी जरा चालून येते," ती म्हणाली.

"चल, मी येतो."

"नाही. एकटी."

आई आणि सासरे दोघंही माझ्याकडं बघायला लागले. जणू मला उत्तर माहीत होतं. एकटं सोडू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. गर्दीही करू नका, असंही त्याच म्हणाल्या होत्या. मी विचारलं, "कुठं?"

"बस स्टँडवर नाही," ती म्हणाली. आई-सासऱ्यांना यातलं काही कळलं नाही. "परवा त्या मानसोपचारवाल्या बाई म्हणाल्या, थोडं थोडं एकटीनं बाहेर पडून बघा. क्रांती चौकापर्यंत जाईन, परत येईन. फोन आहे माझ्याकडं. तुम्ही मागं येऊ नका."

मी नको म्हणू शकलो असतो. हो म्हणालो. ते शहाणपण होतं की भित्रेपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती गेली. बाळ माझ्या खांद्यावर. गॅलरीतून ती कोपऱ्यापर्यंत दिसली, मग रिक्षांच्या गर्दीत दिसेनाशी झाली. सासरे म्हणाले, "येईल." आई म्हणाली, "यील की." थोड्या वेळानं सासरे म्हणाले, "मी नुसता चौकापर्यंत जाऊन बघू का?" आई म्हणाली, "बसा पाहुणे." आणि मग स्वतःच दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आली. फोन लावावा असं मला सारखं वाटत होतं. लावला आणि तिनं उचलला नाही, तर? आणि उचलला, तर काय म्हणायचं? बाळ मध्येच रडायला लागलं. मी शी बघितली, पोट बघितलं, गाणं म्हटलं. कशानंही थांबेना. मग आपोआप थांबलं. कारण कळलं नाही.

दिवे लागले तेव्हा ती कोपऱ्यावर दिसली. हातात पिशवी होती. सावकाश चालत होती, मधेच थांबून एका दुकानाच्या काचेत बघत होती. मी आत ओरडलो, "आली." आईनं लगेच गॅस पेटवला आणि सासरे वर्तमानपत्र उघडून, वाचत असल्यासारखे बसले.

ती आत आली, हातपाय धुतले. मला वाटलं, आता बाळाला घेईल. कहाण्यांमध्ये तसं होतं. तिनं घेतलं नाही. पिशवीतून जांभळं काढली, धुऊन वाडग्यात घातली आणि बसून खायला लागली. एक मलाही दिलं.

"चौकात एवढी गर्दी आहे," ती म्हणाली, "आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. फार बरं वाटलं." मग जांभळाची बी थुंकत बाळाकडं बघून म्हणाली, "रडली का?"

"रडली."

"का?"

"माहीत नाही."

"मलाही कळत नाही," ती म्हणाली. आणि खुर्ची थोडी माझ्याकडं सरकवून, बाळ माझ्याच खांद्यावर राहू देत, उरलेली जांभळं खात बसली.